तळवणेकरांची राज्यघटना

दोन डिसेंबरला, म्हणजे या देशातल्या अमिराती एकत्र आल्या त्या दिवशी, खाली दुबई मरीनाच्या रस्त्यावर पोरं गाड्यांना झेंडे लावून हॉर्न वाजवत फिरत होती. वर सव्विसाव्या मजल्यावर यतीन तळवणेकर बैठकीच्या खोलीत पांढरा बोर्ड उभा करत होता. बोर्डाचा एक पाय आखूड निघाला. यतीनने त्याच्याखाली लेकीचं इतिहासाचं जाडजूड पुस्तक सरकवलं. लेकीने, म्हणजे स्वानंदीने, ते ओढून काढलं. शेवटी पोळपाट लागला.

या सगळ्याचं मूळ ते पुस्तकच होतं. बारावीला स्वानंदीने अमेरिकेचा इतिहास घेतला होता. तिची उजळणी घ्यावी म्हणून यतीनने महिन्यापूर्वी ते उघडलं, आणि उजळणी राहिली बाजूला, तोच त्यात बुडाला. नुकतंच स्वतंत्र झालेलं ते प्रजासत्ताक, त्यातली तेरा राज्यं. प्रत्येकाला आपणच शहाणे असं वाटत होतं, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि एकत्र राहायचं यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. शेवटी एका उन्हाळ्यात खिडक्या बंद करून चार महिने एका खोलीत बसले आणि घटना लिहून मोकळे झाले. यतीनला वाटलं, अरे, हे तर आपलंच घर! घटनेचा मसुदा बगलेत मारून सगळ्यांच्या आधी येऊन थडकलेला व्हर्जिनियाचा तो बुटका विद्वान त्याला विशेष आवडला. यतीनची उंची पाच फूट चार इंच होती. राज्यशास्त्रातली बी.ए. पदवी होती. गेली बावीस वर्षं तो टोलेजंग इमारतींना काचेच्या भिंती विकत होता. त्या पदवीचा उपयोग करायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच चालून आली होती, आणि ती सोडण्याइतका तो थोर नव्हता.

प्रश्न आबांचा होता. आत्माराम तळवणेकरांनी पंचेचाळीस वर्षं शारजात, रोला भागात, पिठाची गिरणी चालवली आणि गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत तीन मुलं वाढवली. मागच्या वर्षी आई गेली. गिरणी आता जहूर बघायचा. तो तीस वर्षं आबांच्या हाताखाली काम करून त्यांच्याइतकाच पांढरा झाला होता. आता मालक ती इमारतच पाडणार होता. फेब्रुवारीअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मुलं तीन, आणि तिघं तीन अमिरातींत. मग आबा कुणाकडे? महिनाभर परिवाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर चर्चा चालली होती, म्हणजे सगळे एकमेकांना हात जोडलेली चित्रं पाठवत होते.

खरं सांगायचं तर यतीनला आबा आपल्या घरी हवे होते आणि त्यांची भीतीही वाटत होती. ते घरात असले की तो पन्नाशीचा राहत नसे, बारा वर्षांचा होई. हे तोंडाने कबूल करण्यापेक्षा त्याला सात कलमांची राज्यघटना लिहिणं सोपं वाटलं. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. पण एवढा मजकूर टाइप झाल्यावर तो फुकट घालवणं त्याच्या जिवावर आलं.

सकाळी तोच आबांना रोल्याहून घेऊन आला होता. ते खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. अकराच्या सुमारास अबुधाबीहून प्रणव आला. धाकटा असूनही अंगापिंडाने तो दोन यतीन होता. एसीच्या डक्टची कंत्राटं घ्यायचा आणि मोहम्मद बिन झायद सिटीत बायको करेन आणि दोन मुलांबरोबर चार खोल्यांच्या व्हिलात राहायचा.

"दादा, हे काय? प्रेझेंटेशन आहे का?"

"घटना परिषद," यतीन म्हणाला.

"मग यल्ला, आटप. सहाला करेनला ड्यूटीवरून पिक करायचंय. हॉलिडेला हॉटेल फुल असतं. तिचं मत मी आणलंय."

"ताई आल्याशिवाय सुरू नाही करता येत. कोरम लागतो."

"रास अल खैमा मागाहूनच येतं," आबा डोळे न उघडता म्हणाले. "बाकीचे सहा डिसेंबरात एक झाले, हे फेब्रुवारीत आले. मी आलो तेव्हा लोक अजून त्याच गप्पा मारायचे."

"लाइक ऱ्होड आयलंड, आजोबा," स्वानंदी फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "कन्व्हेन्शनला आलेच नाहीत ते. ॲट ऑल."

विद्युल्लता मात्र आली. तिघांत थोरली. रास अल खैमाच्या फ्री झोनमध्ये तिचा लोणच्यांच्या पॅकिंगचा धंदा होता, त्यामुळे ती कुठेही रिकाम्या हाताने जात नसे. दोन बरण्या ओट्यावर ठेवून, आबांच्या पाया पडून ती वळली, तो समोर बोर्ड.

"केवढ्याला घेतलास हा?"

"एकशे ऐंशी दिरहॅम."

"म्हणजे चार हजार रुपयांच्या वर! घरातल्या घरात बोलायला चार हजार? खलास झालं माणसाचं डोकं."

यतीनने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, चष्मा चढवला आणि उद्देशिका वाचायला घेतली. "आम्ही तळवणेकर कुटुंबीय, अधिक परिपूर्ण ऐक्य प्रस्थापित करण्यासाठी, घरात शांतता नांदावी म्हणून..."

"थांब," विद्युल्लता म्हणाली. "शांतता नव्हती कधी? गेल्या दिवाळीला तू आणि प्रणव बोलत नव्हतात, तेव्हा तर किती शांत होतं."

प्रणव हसला. स्वयंपाकघराच्या दारात यतीनची बायको पर्णिका उभी होती, तीसुद्धा हसली. सभेचा ताबा सुटतोय असं वाटून यतीनने थेट पहिल्या कलमाला हात घातला. बोर्डावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'राजधानी'. खाली तीन खुणा केल्या. दुबई, रास अल खैमा, अबुधाबी. प्रत्येकीसमोर चार महिने.

"त्यांचीसुद्धा राजधानी फिरतीच होती," त्याने समजावलं. "आधी न्यूयॉर्क, मग दहा वर्षं फिलाडेल्फिया, मग नदीकाठी नवीन गाव. कुणालाच वाटू नये की दुसऱ्याला जास्त मिळालं."

"की आपल्यालाच जास्त मिळालं असं कुणाला वाटू नये म्हणून?" पर्णिकाने विचारलं. हे यतीनने इतिवृत्तात घेतलं नाही.

"फिरवाफिरवी कशाला?" प्रणव म्हणाला. "माझ्याकडे ग्राउंड फ्लोअरला रूम आहे, अटॅच्ड बाथरूम आहे, बाहेर खुर्ची टाकायला जागा आहे. सीधी बात आहे. आणि मतं घ्यायचीच तर डोकी मोजा. आमची पाच."

"पाच कशी? तुम्ही दोघं आणि दोन मुलं."

"शहनाझ धरून. कामाला असली तरी घरातच राहते ना? आबांचं जेवणखाण तीच बघणार."

"काका, दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट द साउथ डिड," स्वानंदीने फोन खाली ठेवला. "गुलामांची डोकी मोजायची आणि त्यांच्या नावावर मालकांनी सीट्स घ्यायच्या. त्यांना स्वतःला व्होट नाही. पूर्ण माणूस म्हणून मोजलं पण नाही, थ्री फिफ्थ्स. देशाची युनिटी टिकवायला सगळ्यांनी ते चालवून घेतलं."

प्रणवचे कान लाल झाले. "मी तसं नव्हतो म्हणत," तो म्हणाला. "बरं, चार."

"चार तरी का?" विद्युल्लता आता सरसावून बसली. "आमच्यात मी आणि राजन, दोनच. म्हणजे आबांवर माझा हक्क तुझ्या निम्मा का रे? मला मुलं झाली नाहीत म्हणून? एक घर, एक मत."

छोट्या राज्यांनी मोठ्या राज्यांना नेमकं हेच सुनावलं होतं, आणि यतीन याच क्षणाची महिनाभर वाट बघत होता. बहिणीच्या आवाजात काय होतं ते त्याला ऐकू आलं, पण पान सात त्याच्या हातात तयार होतं. दोन सभागृहं! बैठकीच्या सभागृहात डोक्यांप्रमाणे मतं, ओट्याच्या सभागृहात घराप्रमाणे. दोन्हीकडे मंजूर झालं तरच ठराव पास. हे सांगताना त्याचा आवाज इतका चढला की आबांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

जेवणाची सुट्टी झाली. ताटं घेऊन विद्युल्लता आणि यतीन बाल्कनीत गेले. अमेरिकेची राजधानी कुठे असावी हेसुद्धा जेवणाच्या टेबलावरच ठरलं होतं म्हणतात, दोन बाजूंनी एकेक गोष्ट सोडून. यतीनला हे आठवलं आणि उगाचच रुबाब चढला.

"यत्या, एक ऐक," विद्युल्लता हळू आवाजात म्हणाली. "मला आबा नकोत असं नाही रे. पण राजनची बायपास झाल्यापासून मी धड झोपले नाही. त्याच्या पथ्याचं, औषधांचं, ऑफिसचं, सगळं माझ्यावर. मला शेवटचे चार महिने दे. तोवर तो सावरेल, इन्शाल्ला."

"देतो," यतीन म्हणाला. "मग तू माझ्या ठरावाला मत दे."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. बहीण नवऱ्याच्या हृदयाबद्दल सांगत होती आणि आपण मत मागितलं. विद्युल्लताने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, वरणात पोळी बुडवली आणि म्हणाली, "दिलं."

ते आत आले तेव्हा ओट्यापाशी पर्णिका आणि प्रणव काहीतरी बोलत होते. ते एकदम थांबले, तेव्हाच यतीनला शंका यायला हवी होती. पण शंका न येण्यात त्याचा हातखंडा होता.

मतदान झालं. ओट्याच्या सभागृहात दुबई आणि रास अल खैमा बाजूने, अबुधाबी विरुद्ध. मंजूर. यतीनने बोर्डावर बरोबरची खूण केली. मग डोकी. यतीन, विद्युल्लता आणि घरी आराम करणाऱ्या राजनचं फोनवरून, अशी तीन बाजूने. प्रणव, करेन आणि दोन्ही मुलं, अशी चार विरुद्ध. स्वानंदी म्हणाली, "आय ॲब्स्टेन." आणि पर्णिकाने हात वर केला तो विरुद्ध.

"पर्णिका!" यतीन म्हणाला. "अगं, तू आपल्या घरातली आहेस!"

"म्हणूनच. मी सकाळी आठला जाते ती सहाला येते. तूही तसाच. या काचेच्या पेटीत आबा दहा तास एकटे बसून काय करणार? खाली उतरले तर रस्ता ओलांडता येत नाही. प्रणवभाऊजींकडे निदान अंगण आहे. मला ते नकोत म्हणून नाही बोलत मी. एकटे पडतील म्हणून बोलते."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू महिनाभर टाइप करत होतास."

एका सभागृहात मंजूर, दुसऱ्यात नामंजूर. यतीनने पान आठ उघडलं. पान आठ कोरं होतं. मग खरा आवाज चढला. प्रणव म्हणाला की दादाला सगळं स्वतःच्या हातात हवं असतं, लहानपणी कॅरमचे नियमसुद्धा तोच बदलायचा. यतीन म्हणाला की मोठं घर असलं की माणूस मोठा होत नाही. विद्युल्लता आधी यतीनच्या बाजूने बोलली, मग आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं यावर घसरली आणि दोघांच्याही विरुद्ध गेली. पर्णिका ताईंना शांत करायला गेली आणि तिलाही दोन शब्द ऐकावे लागले. पुस्तकातल्या पहिल्या अध्यक्षांनी निवृत्त होताना देशाला बजावलं होतं, गटातटांपासून सांभाळा. यतीनने तो परिच्छेद मसुद्याच्या शेवटी मुद्दाम घातला होता. तिथवर पोहोचायची पाळीच आली नाही.

"स्वानंदी, तूच सांग," तो शेवटी हताश होऊन म्हणाला. "तिकडे काय केलं त्यांनी?"

"कॅपिटलचं? कुठल्याच स्टेटमध्ये नसलेली वेगळी जागा केली, सो दॅट नो वन स्टेट ओन्स इट." स्वानंदी पानं उलटत होती. "पण डॅड, त्यात एक गडबड झाली. जे लोक त्या कॅपिटलमध्ये राहत होते ना, त्यांचं व्होटच गेलं. प्रेसिडेंट निवडायला त्यांना जवळजवळ एकशे साठ वर्षं व्होट नव्हतं. सगळा देश तिथून चालायचा आणि तिथल्या माणसांना कुणी विचारायचं नाही."

"आमचीपण तीच गत," आबा म्हणाले.

सगळे वळले. आबांचे दोन्ही डोळे उघडे होते, आणि ते बराच वेळ उघडे असावेत असं दिसत होतं.

"सकाळपासून ऐकतोय. डोकी झाली, घरं झाली, ओटासुद्धा झाला. चार महिने याला, चार महिने तिला." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आबा, माझ्याकडे राहा. एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून आलं का रे?"

यतीनने बोर्डाकडे बघितलं. राजधानी हा शब्द त्यावर सात ठिकाणी होता. आबा हा शब्द एकदाही नव्हता. इतकी वर्षं आपण काहीतरी शहाणपणाचं करून दाखवू आणि आबा मान डोलावतील, या आशेवर तो जगत आला होता. आणि ज्या एका दिवशी शहाणपणा नको होता, त्या दिवशी त्याने बोर्ड आणला होता.

"आबा," तो म्हणाला, "माझ्याकडे राहा. मला हवे आहात तुम्ही."

"माझ्याकडे चला, आबा," प्रणव म्हणाला.

विद्युल्लता जाऊन आबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाही," आबा म्हणाले. "जहूरने समोरच्या इमारतीत खोली बघितलीय. त्याच्या शेजारची. पंधरा दिवस झाले. गिरणी बंद करताना कुलूप लावत म्हणाला, चाचा, मेरे बाजू में रहोगे? बस, एवढंच. मी हो म्हटलं."

"पंधरा दिवस?" यतीन म्हणाला. "मग सांगितलं का नाहीत? मी इथे..."

"तुझा मेसेज आला होता ना, दोन तारखेला सगळे जमायचं म्हणून. म्हटलं थांबू. जहूरलाही सांगितलं, थांब जरा, मुलं बोलावणार आहेत. त्यांनी बोलावलं तर तुला नाही म्हणावं लागेल, वाईट वाटून घेऊ नकोस." आबांनी विद्युल्लताच्या डोक्यावर हात ठेवला. "तो म्हणाला, वाईट कशाला, चाचा, मी पेढे आणीन."

खाली अजून हॉर्न वाजत होते. पर्णिका तोंड फिरवून ओट्यावरची भांडी उगाच हलवू लागली.

"आत्ता म्हटलं ना, आबा," प्रणव म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी लहान झाला होता.

"म्हटलंत. ऐकलं मी, बरं वाटलं. पण जहूरला मी हो म्हटलंय, तो शब्द आता मोडत नाही. तुमची वाट मी सकाळच्या चहापर्यंत पाहिली, गाडीतही पाहिली. मग हा बोर्ड दिसला." ते उठायला लागले. "रागावलो नाही मी. शुक्रवारी या, शनिवारी या. तिघांनी मिळून या, निराळे निराळे या. खोलीत चार खुर्च्या बसतात. आता सोडा मला, नाहीतर शारजाच्या ट्रॅफिकमध्ये रात्र होईल."

प्रणवने खिशातून गाडीची किल्ली काढली. "मी सोडतो, मला त्याच बाजूने..."

"तू अबुधाबीला जाणार, शारजा तुझ्या कुठल्या वाटेवर?" विद्युल्लता उठली. "मला तिथूनच जायचंय. मी सोडते."

"सकाळी आणलं मी," यतीन म्हणाला, "तेव्हा न्यायचंही..."

आणि तो मध्येच थांबला. तिघंही आबांच्या भोवती किल्ल्या घेऊन उभे होते आणि तिघांचेही आवाज चढायला लागले होते. आणखी दोन मिनिटांत त्याने मार्कर उचलला असता, हे त्याचं त्यालाच कळलं. त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

"आबा," त्याने विचारलं, "तुम्हाला कुणाबरोबर जायचंय?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी काही विचारलं होतं, आणि उत्तर द्यायची त्यांना मुळीच घाई नव्हती. त्यांनी प्रणवची पाठ थोपटली, विद्युल्लताचा गाल कुरवाळला.

"तुझ्याबरोबर," ते यतीनला म्हणाले. "पण ते कागद इथेच ठेव."

यतीनने घटना टीव्हीच्या टेबलावर पालथी ठेवली आणि दारापाशी जाऊन आबांच्या चपला शोधायला लागला.